भाऊ मारायचा कायदा : १५९५ साली उस्मानी राजवाड्यात काय घडलं?

जानेवारी १५९५. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याची राजधानी इस्तंबूल. तिथल्या तोपकापी राजवाड्यात सुलतान तिसरा मुराद वारला, पण दहा-बारा दिवस ही बातमी वाड्याबाहेर फुटू दिली गेली नाही. त्याची बेगम साफिये हिने गुपचूप निरोप धाडला तो थोरल्या मुलाला, मेहमेदला. तो तेव्हा अनातोलियाच्या पश्चिमेला मनिसा इथे सुभ्याचा कारभार बघत होता. मेहमेद घाईघाईने राजधानीत पोचला, गादीवर बसला, मग बापाच्या मृत्यूची द्वाही फिरली. त्यानंतर त्याच्या १९ सावत्र भावांना एकेक करून गळा आवळून मारण्यात आलं.

त्यातली बहुतेक लहान मुलं होती, काही तर अगदी तान्ही. इस्तंबूलमधल्या इंग्रज वकिलाकडे पोचलेल्या एका वृत्तांतात पुढचा तपशील आहे. मुलांना नव्या सुलतानाच्या हाताचं चुंबन घ्यायला आणलं. घाबरू नका, फक्त सुंता करायची आहे, असं त्यांना सांगितलं. शेजारच्या खोलीत खरोखरच सुंता झाली आणि लगेच गळ्याभोवती दोरी आली. दुसऱ्या दिवशी बापाच्या जनाज्यामागोमाग १९ छोटे जनाजे वाड्याबाहेर पडले. आया सोफिया मशिदीच्या आवारात, बापाजवळच, त्यांना पुरलं. मुलींना मारलं नाही. त्यांची आणि मागे राहिलेल्या बायकांची रवानगी जुन्या राजवाड्यात झाली.

वाचून कुणालाही वाटेल की मेहमेद हा कुणी माथेफिरू असणार. तसा काही पुरावा नाही. तो त्या काळच्या मानाने साधारण सुलतान होता, आणि त्याने जे केलं ते त्याच्या राज्यात बेकायदा नव्हतं. खुद्द त्याच्या बापाने १५७४ मध्ये गादीवर येताच आपले पाच भाऊ मारले होते. खुनाने मिळालेल्या गाद्या जगात पुष्कळ आहेत. आपल्याकडे औरंगजेबाने दाराला आणि मुरादबक्षाला संपवलं ते शाळेपासून ऐकतो. उस्मानी घराण्याचं वेगळेपण असं, की तिथे हे काम लेखी नियमात बसवलेलं होतं. हा नियम का झाला, तो इतकी वर्षं चालला कसा आणि अखेर थांबला कसा, हे समजून घ्यायचं तर आधी गादीचा हिशेब कळायला हवा.

गादी कुणाची?

आपण राजा म्हटलं की थोरला मुलगा वारस असं गृहीत धरतो. उस्मानी तुर्कांमध्ये तसं नव्हतं. मध्य आशियातून आलेल्या तुर्क आणि मंगोल घराण्यांची समजूत अशी, की राज्य एका माणसाचं नसून सगळ्या घराण्याचं असतं. सातबाऱ्यावर सगळ्या भावांची नावं लागावीत, तसा राज्यावर प्रत्येक मुलाचा सारखाच हक्क. बाकीच्या घराण्यांनी या समजुतीपायी राज्यं वाटून घेतली आणि दोन-तीन पिढ्यांत ती तुकडे होऊन संपली. उस्मान्यांनी एक गोष्ट सुरुवातीपासून धरून ठेवली: राज्याची वाटणी करायची नाही. हक्क सगळ्यांना, पण राज्य एकालाच. मग कुणाला? तर देव ज्याला देईल त्याला. आणि देवाची मर्जी कळायची कशी? तर जो जिंकेल त्याच्यावर ती आहे असं समजायचं.

तुकडे न करायच्या या हट्टामुळेच साम्राज्य सहाशे वर्षं टिकलं, असं पुष्कळ इतिहासकार मानतात. त्याची किंमत काय होती तेही पहिल्यापासून दिसत होतं. १३८९ मध्ये कोसोवोच्या रणांगणावर पहिला मुराद मारला गेला, तेव्हा त्याचा मुलगा बायझीद याने तिथेच, लढाईच्या मैदानावर, आपला भाऊ याकूब याला ठार करवलं. पुढे याच बायझीदचा १४०२ मध्ये अंकाराजवळ तैमूरलंगाने पराभव करून त्याला कैद केलं. बायझीदच्या मुलांमध्ये मग जी यादवी माजली ती ११ वर्षं चालली. सुलेमान, ईसा, मूसा, मेहमेद, प्रत्येकजण स्वतःला सुलतान म्हणवत होता, प्रत्येकाला कुणी ना कुणी शेजारचा राजा हवा देत होता. १४१३ मध्ये मेहमेद एकटा उरला. राज्य वाचलं ते थोडक्यात.

घराण्याच्या मनावर त्या ११ वर्षांचा ओरखडा खोल गेला. पुढचं सगळं त्या भीतीतून आलेलं आहे.

नियम लिहिला कुणी?

कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा दुसरा मेहमेद. १४५१ मध्ये तो गादीवर बसला तेव्हा त्याला अहमद नावाचा एक तान्हा सावत्र भाऊ होता. बखरकार लिहितात की त्या बाळाची आई नव्या सुलतानाला मुबारकबाद द्यायला गेली होती, आणि इकडे हमामखान्यात बाळाला बुडवून मारलं. हाच मेहमेद राजवटीच्या उत्तरार्धात कायद्यांचा संग्रह तयार करवतो. त्यातल्या एका कलमाचा आशय असा: माझ्या मुलांपैकी ज्याला गादी मिळेल त्याने जगाची घडी नीट राहावी म्हणून आपल्या भावांना मारणं योग्य आहे, बहुतेक उलेमांनीही, म्हणजे धर्मपंडितांनीही, त्याला मुभा दिली आहे.

दोन-तीन गोष्टी नीट बघा. ‘मारलंच पाहिजे’ असं कलम म्हणत नाही, ‘मारलं तर योग्य’ असं म्हणतं. सुलतानाला सूट दिली आहे, सक्ती केलेली नाही. दुसरं, कारण सुलतानाच्या सुरक्षिततेचं दिलेलं नाही. जगाच्या घडीचं दिलं आहे. एका घरातली काही माणसं गेलेली परवडली, पण भावाभावांच्या लढाईत हजारो रयत मरू नये, असा हा हिशेब. धर्मशास्त्रात आधार काय? तर फितना, म्हणजे बंडाळी, ही खुनाहून वाईट आहे या अर्थाचं कुराणातलं वचन. पण त्यात एक अडचण होती. बंडखोराला शिक्षा देता येते, पण ज्याने अजून बंड केलेलंच नाही त्याला? पाळण्यातल्या पोराने कुठली बंडाळी केली? म्हणून तर कलमात ‘सगळ्या उलेमांनी’ असं न म्हणता ‘बहुतेक उलेमांनी’ असं म्हटलं आहे. त्या एका शब्दात बरंच काही लपलंय.

रक्त न सांडण्याचा संकेतही याच परंपरेतला. राजघराण्याचं रक्त जमिनीवर पडू द्यायचं नाही, म्हणून तलवार नाही, धनुष्याची दोरी किंवा रेशमी दोर. हे काम बहुधा वाड्यातल्या मुक्या-बहिऱ्या नोकरांकडे असे. ते एरवी सुलतानाच्या आसपास शांतता राहावी म्हणून ठेवलेले सेवक होते आणि त्यांची खुणांची भाषा खुद्द सुलतानसुद्धा शिकत. मारल्यानंतर मात्र सगळा मान मिळे: जनाजा, नमाज, सुंदर मकबरा. मारणारा आणि शोक करणारा एकच.

नियम झाला म्हणून भांडणं थांबली का? नाही. दुसरा मेहमेद १४८१ मध्ये गेला आणि बायझीद व जेम या दोन मुलांमध्ये लगेच जुंपली. जेम हरला आणि ऱ्होड्स बेटावरच्या ख्रिस्ती सरदारांकडे पळाला. तिथून फ्रान्स, मग पोपकडे. युरोपातल्या राजांना आयतं हत्यार मिळालं. जेमला सोडू नये म्हणून बायझीद दरवर्षी सोन्याच्या नाण्यांची मोठी रक्कम भरत राहिला, ती १४९५ मध्ये जेम इटलीत मरेपर्यंत. जिवंत सुटलेला भाऊ किती महाग पडतो, याचा हा धडा दरबारात कुणी विसरलं नाही. पुढे सलीमने १५१२ मध्ये बापालाच गादीवरून उतरवलं आणि वर्षभरात कोर्कुत आणि अहमद हे दोन्ही भाऊ आणि पुतणे संपवले. त्याचा मुलगा सुलेमान त्या मानाने नशीबवान. १५२० मध्ये तो गादीवर बसला तेव्हा मारायला भाऊच नव्हता.

जनानखान्याचं गणित

इथे आयांकडे बघावं लागतं, कारण त्यांच्यावाचून हे गणित सुटत नाही. सुलतान मोठ्या घराण्यांत लग्न करणं बंद करून दासींपासून मुलं होऊ देत, कारण दासीला माहेर नसतं, म्हणजे सासऱ्या-मेहुण्यांची लुडबूड नाही. त्यातही रिवाज असा, की एका दासीला एक मुलगा झाला की तिचा सुलतानाशी संबंध संपला. मुलगा १२-१५ वर्षांचा झाला की त्याला एखाद्या सुभ्यावर पाठवायचं आणि आई त्याच्याबरोबर जायची. तिथे ती त्याचा दरबार उभा करायची, कारभारी निवडायची, राजधानीतल्या बातम्या मिळवायची. मुलगा जिंकला तर ती राजमाता. हरला तर मुलाचं प्रेत ताब्यात घेऊन बुर्साला, घराण्याच्या जुन्या कबरी असलेल्या शहरात, जायचं आणि उरलेलं आयुष्य कबरीशेजारी काढायचं. त्यामुळे प्रत्येक आई जीव तोडून लढायची.

कुठला सुभा मिळाला याला फार महत्त्व होतं. मनिसा राजधानीला जवळ, अमास्या लांब. बाप मेल्यावर जो आधी इस्तंबूलला पोचेल, खजिना ताब्यात घेईल आणि जॅनिसरी फौजेला, म्हणजे सुलतानाच्या खड्या पायदळाला, बक्षिसी वाटेल, तो सुलतान. घोड्याचा वेग आणि निरोप्याची निष्ठा यांवर साम्राज्याचं भवितव्य ठरायचं.

हे कितीही क्रूर वाटलं तरी त्यात एक तर्क होता. स्पर्धेत उतरणारे सगळे मोठे, सुभा चालवून बघितलेले, फौज जमवू शकणारे पुरुष होते. हरलेला कुणीही जिवंत राहिला असता तर उद्या सैन्य घेऊन परत आला असता. १५९५ पर्यंत मात्र ही परिस्थिती बदलली होती, आणि बहुतेक लेखांत नेमका हाच मुद्दा निसटतो.

बदल सुलेमानच्या काळात सुरू झाला. त्याने हुर्रेम या दासीशी रीतसर लग्न केलं आणि तिच्यापासून त्याला एकापेक्षा जास्त मुलगे झाले, म्हणजे जुना रिवाज त्यानेच मोडला. दुसऱ्या बेगमेचा मुलगा मुस्तफा फौजेचा लाडका होता. बंडाच्या संशयावरून १५५३ मध्ये सुलेमानने त्याला इराणच्या मोहिमेवर असताना एरेगलीजवळ आपल्याच तंबूत बोलावून मारवलं. मग हुर्रेमचीच दोन मुलं, सलीम आणि बायझीद, १५५९ मध्ये कोन्याजवळ समोरासमोर लढली. बायझीद हरून इराणला पळाला. इराणच्या शहाने सोन्याच्या मोबदल्यात त्याला उस्मानी माणसांच्या हवाली केलं आणि १५६१ मध्ये चार मुलांसकट तो मारला गेला.

इतकं झाल्यावर दरबाराने धडा घेतला तो असा: सगळ्या मुलांना सुभे दिले की युद्ध होतंच, तेव्हा फक्त थोरल्याला बाहेर पाठवा. सलीमने फक्त मुरादला पाठवलं, मुरादने फक्त मेहमेदला. म्हणजे वारस कोण हे आधीच ठरल्यासारखं झालं. बाकीचे मुलगे जनानखान्यात, आयांच्या पदराखाली वाढू लागले. त्यांच्याकडे ना सुभा, ना फौज, ना पैसा.

स्पर्धा संपली होती. तर मग मारायचं कशाला? पण नियम तसाच राहिला. ज्या भीतीतून तो जन्माला आला तिचं कारण उरलं नव्हतं, आणि मारायची माणसं मात्र वाढली होती, कारण तिसऱ्या मुरादला जनानखान्याचा भारी नाद होता आणि त्याला मुलंही अतोनात झाली. पूर्वी एखादा-दुसरा पराभूत सेनापती मरायचा. आता पाळण्यातली पोरं मरू लागली. मला १५९५ ची घटना म्हणूनच सुलतानाच्या स्वभावापेक्षा सरकारी सवयीची गोष्ट वाटते. कलम लिहिणाऱ्याने कल्पनाही केली नसेल अशा प्रसंगाला ते लागू केलं गेलं, आणि हरकत घ्यायची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

थांबलं कसं?

लहान जनाजांची ती रांग बघून इस्तंबूल हळहळलं, असं त्या काळचे लेखक नोंदवतात. युद्धात हरलेल्या शहजाद्याचं प्रेत दूरच्या सुभ्यातून थेट बुर्साला जायचं; राजधानीतल्या माणसांना ते दिसत नसे. इथे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

तिसरा मेहमेद १६०३ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याने स्वतःचा तरुण मुलगा महमूद संशयावरून मारवला होता. मागे उरले दोघे: १३ वर्षांचा अहमद आणि त्याच्याहून धाकटा मुस्तफा. अहमदला अजून मूलबाळ नव्हतं. मुस्तफाला मारलं आणि अहमद देवीने किंवा आणखी कशाने गेला, तर घराणंच बुडालं. म्हणून मुस्तफा वाचला. एवढ्यापुरतं कारण सरळ व्यवहारी आहे. पण पुढे अहमदला मुलं झाली, तरी त्याने मुस्तफाला हात लावला नाही. मुस्तफाचं मानसिक स्वास्थ्य बरं नव्हतं, त्यामुळे त्याची धास्ती वाटत नसावी. शिवाय अहमदची लाडकी बेगम कोसेम हिला तो जिवंत हवा होता असं मानतात, कारण भावाला सोडायचा पायंडा पडला तर उद्या तिची मुलं सावत्र भावाच्या हातून वाचतील. १६१७ मध्ये अहमद गेला आणि दरबाराने त्याच्या मुलांना बाजूला ठेवून मुस्तफालाच गादीवर बसवलं. बापानंतर मुलगा, ही १४ पिढ्यांची परंपरा तिथे तुटली.

कलम कुणी रद्द केलं नाही. तसं फर्मान निघालंच नाही. ते नुसतं वापरातून हळूहळू गेलं, तेही अडखळत. अहमदचा मुलगा दुसरा उस्मान याने १६२१ मध्ये पोलंडच्या स्वारीवर निघण्याआधी आपला भाऊ मेहमेद याला मारायचं ठरवलं. साम्राज्याचे सर्वोच्च मुफ्ती एसाद एफेंदी यांनी फतवा द्यायला नकार दिला. तेव्हा त्याने दुसऱ्या वरिष्ठ काजीकडून तो मिळवला. पुढच्याच वर्षी जॅनिसरींनी उस्मानलाच मारलं. पुढे गादीवर आलेल्या चौथ्या मुरादने १६३० च्या दशकात आपले तीन भाऊ मारले. १६४० मध्ये तो निपुत्रिक मरत असताना घराण्यात एकच पुरुष जिवंत होता, त्याचा भाऊ इब्राहिम. मुरादने मरता मरता त्यालाही मारायचा हुकूम दिला होता, पण आई कोसेमने तो पाळू दिला नाही असं सांगतात. दरबारी मुजरा करायला गेले तर इब्राहिम दार उघडेना. हा भावाचा डाव आहे असं त्याला वाटत होतं. मुरादचं प्रेत दारासमोर आणून दाखवलं, तेव्हा तो बाहेर आला. त्यानंतरचा प्रत्येक उस्मानी सुलतान या एका माणसाचा वंशज आहे.

मारायचं नाही तर ठेवायचं कुठे? जनानखान्याच्याच आत काही खोल्या होत्या, त्यांना लोक पिंजरा म्हणत. शहजादे तिथे कोंडून राहायचे. त्यांना नोकर होते, दासी होत्या, पण मुलं होऊ द्यायची नाहीत असा दंडक. इब्राहिमचा मुलगा दुसरा सुलेमान १६४८ मध्ये सहा वर्षांचा असताना आत गेला आणि १६८७ मध्ये बाहेर आला तो सुलतान म्हणून. न्यायला आलेल्या माणसांना तो म्हणाला म्हणे, मारायलाच आला असाल तर आधी नमाज पढू द्या, ४० वर्षं रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा एकदाच मेलेलं बरं. तिसरा उस्मान तर सुमारे ५० वर्षं आत काढून १७५४ मध्ये गादीवर बसला.

इतिहासकारांमध्ये यावर वाद आहे. एका बाजूचं म्हणणं असं, की सुभ्यावर तयार झालेल्या सुलतानांच्या जागी कोंडलेले, जगाचा वारा न लागलेले सुलतान आले आणि तिथून साम्राज्याची उतरण सुरू झाली. दुसरी बाजू म्हणते, तोवर कारभार वजीर आणि दफ्तराच्या हाती गेला होता. सुलतान स्वतः घोड्यावर बसणारा असण्याची गरजच उरली नव्हती, म्हणून तर पिंजरा परवडला. मला दुसरी बाजू जास्त पटते. भाऊ मारणं थांबलं त्यामागे माणुसकी थोडी असेलही, पण एका माणसाच्या लायकीवर राज्य चालायचे दिवस संपले होते, हे कारण मोठं आहे.

शेवटचा प्रसंग १८०८ चा. बंडखोरांची फौज पदच्युत तिसऱ्या सलीमला पुन्हा गादीवर बसवायला राजवाड्याच्या दाराशी येऊन ठेपली. गादीवर असलेल्या चौथ्या मुस्तफाने ताबडतोब हुकूम सोडला की सलीमला आणि माझा भाऊ महमूद याला मारा. सलीम मारला गेला. महमूदकडे धावलेल्या मारेकऱ्यांच्या तोंडावर जेवरी नावाच्या दासीने चुलीतली गरम राख फेकली आणि तेवढ्यात महमूद छपरावर चढून निसटला. तो सुलतान झाला आणि काही महिन्यांनी, नवं बंड उसळलं तेव्हा, त्याने मुस्तफाला मारवलं. आणखी एकदा सगळं घराणं एका माणसावर येऊन टेकलं होतं.

मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकाने खिलाफत बरखास्त केली आणि उस्मानी कुटुंबाला देशाबाहेर काढलं. शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद फ्रान्सला गेला. १९३१ मध्ये त्याची मुलगी दुर्रुशेहवार हिचं लग्न हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाशी झालं. त्या नात्यातून निजामाने आपल्या मुलखातल्या खुलताबादजवळ खलिफासाठी मकबरा बांधवला. खलिफा १९४४ मध्ये पॅरिसला वारला आणि पुढे त्याला मदिनेत पुरलं, त्यामुळे औरंगजेबाच्या कबरीपासून जवळच असलेली ही वास्तू रिकामीच राहिली. वेरूळला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती माहीत असते.

घराण्यातल्या बायकांना तुर्कस्तानात परतायची परवानगी १९५२ मध्ये मिळाली, पुरुषांना १९७४ मध्ये. गादी नसली तरी घराण्याचा प्रमुख आजही मानला जातो. तो निवडायची रीत मात्र दुसऱ्या मेहमेदाच्या काळची नाही. हयात पुरुषांत जो वयाने सगळ्यांत मोठा, तो प्रमुख. मुस्तफाला १६१७ मध्ये गादीवर बसवलं तेव्हा पडलेला पायंडा तो हाच.